सहा मीटरच्या अंगणात कोणते झाड लावावे?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. नवे घर पश्चिमाभिमुख आहे. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये ९ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद अंगण आहे. माती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. भिंतीपलीकडे रस्त्याच्या कडेने विजेच्या तारा आहेत, दक्षिणेच्या बाजूने सांडपाण्याची वाहिनी जाते आणि त्याच बाजूच्या कोपऱ्यात आधीपासून एक लिंबाचे झाड आहे. घरात तीन वर्षांचे मूल आहे. तुम्हाला फाटकाशी गुलमोहर, खिडकीशी सोनचाफा, भिंतीलगत हिरवे कुंपण आणि वर्षभर काही ना काही फुललेले हवे आहे. शिवाय कचरा कमी पडावा अशीही इच्छा आहे.

गुलमोहर नको, आणि सोनचाफाही नको, हे उत्तर आधीच देऊन टाकतो. दोन्ही झाडे मला फार आवडतात, म्हणूनच ती चुकीच्या जागी लागू नयेत असे वाटते.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचा विस्तार उंचीपेक्षा रुंदीत जास्त असतो. पूर्ण वाढलेले झाड १० ते १२ मीटर उंच होते आणि छत्री त्याहूनही जास्त पसरते. तुमचे अंगण सहा मीटरचे आहे, म्हणजे अर्धे झाड छपरावर आणि उरलेले तारांवर. मुळे उथळ असतात, फरशी उचलतात. लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे वादळात मोठ्या फांद्या तुटून पडतात. मैदानात किंवा रुंद रस्त्याच्या कडेला या झाडाला तोड नाही, पण त्याला मोकळे आकाश लागते. सोनचाफ्याची गोष्ट थोडी वेगळी. बियांपासून वाढलेला सोनचाफा वीस मीटरच्या वर जाऊ शकतो आणि फुलायला बरीच वर्षे घेतो. कलमी रोप लवकर फुलते आणि तुलनेने आटोपशीर राहते खरे, पण खिडकीला लागून लावण्याइतके लहान तेही राहत नाही. शिवाय साचलेले पाणी त्याला अजिबात सोसत नाही, आणि पावसाळ्यात तुमच्या काळ्या मातीत नेमके तेच होणार.

यावर बहुतेक जण म्हणतात, "मोठे झाले की छाटू." या वाक्याने जितकी झाडे बिघडलेली मी पाहिली आहेत तितकी कोणत्याही किडीने बिघडवलेली नाहीत. झाडाचा शेंडा उडवला की कापल्या जागेखालून धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. हे धुमारे सालीलगतच्या थरातून आलेले असतात, त्यांची पकड वरवरची असते आणि वाढ मात्र झपाट्याने होते. दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा पूर्वीच्या उंचीवर येते, फक्त आता वरचा सगळा भार कमजोर सांध्यांवर असतो. कापलेल्या जाड फांदीचे तोंड झाडाला बंद करता येत नाही, तिथून कुज आत शिरते. म्हणजे छाटणीमुळे झाड लहान झाले नाही, धोकादायक झाले. आणि ही छाटणी दर दोन वर्षांनी करत राहावी लागते. वीस वर्षांनी ज्या आकाराचे होईल त्या आकाराची जागा असेल तरच झाड लावावे, हा एकच नियम पाळला तरी निवडीचे निम्मे काम होते.

म्हणून कोणते फूल आवडते हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी एक कागद घेऊन अंगणाचा नकाशा काढा. भिंती, खिडक्या, फाटक, तारा, वाहिनी, लिंबू, सगळे मापाने दाखवा. मग कंपासने वर्तुळे काढा: ५ मीटर व्यासाचे वर्तुळ म्हणजे लहान झाडाची छत्री, ८ मीटरचे म्हणजे मध्यम झाडाची. कागदावर ८ मीटरचे वर्तुळ कुठेही बसत नाही हे लगेच दिसेल. ५ मीटरचे एकच बसते, फार तर त्याच्या जोडीला चार मीटरपर्यंत वाढणारे एखादे मोठे झुडूप. तुमच्या अंगणाची क्षमता तेवढी आहे: एक झाड, आणि बाकी सगळी झुडपे. दोन झाडे लावलीत तर दोन्ही उजेडासाठी एकमेकांपासून दूर वाकत वाढतील आणि खाली काहीच फुलणार नाही.

आता ते झाड कुठे लावायचे? विषुववृत्ताच्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, वायव्येकडे सरकून मावळतो. हिवाळ्यात तो नैर्ऋत्येकडे जातो. घरात जाच होतो तो उन्हाळ्यातल्या दुपारी तीननंतरच्या तिरप्या उन्हाचा. म्हणून झाड बैठकीच्या खिडकीच्या समोर, पण थोडे उत्तरेकडे सरकवून लावा. उन्हाळ्यात सावली भिंतीवर पडेल आणि हिवाळ्यातले दुपारचे ऊन नैर्ऋत्येकडून घरात येत राहील. दक्षिणेची वाहिनीही अशा रीतीने लांब राहते. मुळे सुस्थितीतल्या नळाला फोडत नाहीत, पण सांधा गळत असेल तर तिथला ओलावा शोधत आत शिरतात आणि मग वाहिनी तुंबते. वाहिनीच्या दोन-तीन मीटरच्या आत कोणतेही मोठे झाड नको, आणि वड-पिंपळाच्या कुळातले, म्हणजे शोभेचे फायकससुद्धा, या अंगणात कुठेच नको.

घराच्या भिंतीपासून ३ ते साडेतीन मीटर अंतर ठेवा. काळ्या मातीत हे अंतर महत्त्वाचे आहे. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि झाडाची मुळे पाणी ओढून हे आकसणे वाढवतात. पाया उथळ असेल तर भिंतीला भेगा जाण्यात मातीचा आणि झाडाचा असा दोघांचा हात असू शकतो. झाड लहान जातीचे आणि अंतर पुरेसे असेल तर चिंता नाही.

आता निवड. फूल वर्षातले तीन-चार आठवडे दिसते, एखाद्या झाडाचे फार तर तीन-चार महिने. उरलेला काळ आपण पाने, खोड आणि आकारच पाहत असतो. नर्सरीत मात्र आपण फूल पाहून रोप उचलतो. म्हणून ज्या झाडाचा विचार करत आहात ते पूर्ण वाढलेले, आणि शक्य असेल तर फुलांचा हंगाम नसताना, एकदा पाहून या. बहावा फुललेला असताना दुसरे काही सुचत नाही, पण पिवळे घोस गळून गेल्यावर हातभर लांबीच्या काळ्या शेंगा महिनोन्‌महिने लटकत राहतात. काहींना त्या आवडतात. मलाही आवडतात. खाली गाडी उभी करणाऱ्याला आवडणार नाहीत. त्याच्या पानांवर काही पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि एखाद्या वर्षी झाडाची बरीच पाने फस्त करतात. झाड पुन्हा पालवते, फवारणीची गरज नसते. तरीही वाढलेला बहावा तुमच्या वर्तुळात बसत नाही, म्हणून तो यादीतून काढतो.

तुमच्या जागेसाठी माझी पहिली पसंती हाँगकाँग कांचनाला, म्हणजे बाउहिनिया ब्लेकियानाला. हा आपल्या ओळखीच्या दोन कांचनांचा नैसर्गिक संकर आहे. १८८० च्या सुमारास हाँगकाँग बेटावर तो सापडला, आणि आज जगभर लावलेली या जातीची झाडे त्या एकाच झाडापासून कलमांनी वाढवलेली आहेत. संकर वांझ असल्यामुळे त्याला शेंगा धरत नाहीत. साध्या कांचनाच्या शेंगा वाळल्यावर फुटून बिया उडवतात आणि दर पावसाळ्यात अंगणभर रोपे उगवतात, तो त्रास इथे नाही. फुले मोठी, जांभळट गुलाबी असतात. ती थंडीच्या सुरुवातीपासून वसंतापर्यंत येत राहतात, म्हणजे नेमकी बाकीची बाग शांत असते तेव्हा. पाने बहुतेक वर्षभर टिकतात. मोकळे सोडले तर झाड आठ-दहा मीटरपर्यंत जाऊ शकते, पण कांचन लहानपणापासून हलकी छाटणी चांगली सोसतो आणि त्याची छत्री पाच-सहा मीटरमध्ये राखता येते. वर म्हटलेली शेंडा उडवणारी छाटणी ही नव्हे. ही बोटाएवढ्या जाडीच्या फांद्यांवर, दरवर्षी, फुले संपल्यावर करायची असते. त्याचा दोषही सांगतो: लाकूड फार चिवट नसते, आणि मातीत चुना जास्त असेल तर पाने पिवळी पडतात. फुलांपेक्षा दाट, गार सावली महत्त्वाची असेल तर बकुळ घ्या. ती हळू वाढते, बारमाही हिरवी राहते, लाकूड मजबूत असते आणि छाटणीने हव्या त्या आकारात राहते. फक्त सावली मिळायला बरीच वर्षे थांबावे लागेल, आणि बकुळीखाली फुलझुडपे फारशी जमत नाहीत.

पारिजातकाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण नऊ मीटरच्या दुसऱ्या टोकाला तो बसू शकतो. झुडूप म्हणून ठेवला तर चार मीटरच्या आत राहतो. पावसाळ्याच्या अखेरीस फुलतो. उन्हाळ्यात त्याची खरखरीत पाने मरगळलेली दिसतात, म्हणून त्याला अगदी दर्शनी जागा देऊ नका. फुले रात्री उमलून पहाटे गळतात. त्याला कचरा म्हणायचे का, हे तुम्ही ठरवा. मी तर त्याच्यासाठी खालची जागा मुद्दाम मोकळी ठेवायला सांगतो.

पांढऱ्या चाफ्याविषयी (सोनचाफा नव्हे) एवढेच की काळ्या मातीत तो थेट लावू नये, मुळे कुजतात. मुरूम मिसळून अर्धा मीटर उंचवटा केला तर येतो.

मूल लहान आहे म्हणून काही झाडे स्पष्टपणे नाकारतो. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, तिच्यातील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर फार घातक. डुरांटाचे पिवळे मणी मुलांना खाण्यासारखे वाटतात आणि ते विषारी असतात. रातराणीची फळेही तशीच, शिवाय तिचा वास बंद खिडकीतूनही आत येतो आणि अनेकांचे डोके दुखते. चीक येणारी झाडे, शेर आणि त्याच्या कुळातली शोभेची रोपे, डोळ्यांना इजा करतात. मूल मोठे झाल्यावर यांतले काही लावता येईल, आत्ता घाई कशाला.

आणखी एक गट टाळा, तो तुमच्या कुंपणाबाहेरच्या जगासाठी. घाणेरी, सुबाभूळ आणि लाल फुलांचा स्पॅथोडिया ही तिन्ही झाडे जगातल्या सर्वांत उपद्रवी परकीय आक्रमक जातींच्या शंभरांच्या यादीत आहेत. घाणेरीच्या रंगीत जाती नर्सरीत सर्रास मिळतात, पक्षी तिच्या बिया रानात नेतात आणि तिथे ती दुसरे काही उगवू देत नाही.

हिरव्या कुंपणासाठी तुम्ही कुंती मनात धरली आहे. एरवी मी लगेच होकार दिला असता. गडद चकचकीत पाने, पांढरी सुवासिक फुले, कातरीला चांगला प्रतिसाद. पण कुंती लिंबाच्याच कुळातली आहे, आणि लिंबूवर्गीय झाडांचा सर्वांत वाईट रोग पसरवणारा सायला नावाचा बारीक कीटक तिच्या कोवळ्या फुटव्यावर मजेत वाढतो. सतत कातरलेली कुंती म्हणजे सतत कोवळा फुटवा. लिंबू ठेवायचे असेल तर कुंती नको. त्याऐवजी जास्वंदीचे मोकळे कुंपण करा. सव्वा मीटर अंतराने एक रोप, आणि कातरीने भिंतीसारखे सपाट न करता फक्त लांबलेल्या काड्या काढत राहा. जास्वंद नव्या फुटव्यावर फुलते. सपाट कातरलेल्या कुंपणाला फुले का येत नाहीत, असे अनेक जण विचारतात. कळ्या कातरीत गेलेल्या असतात, एवढेच कारण. पिठ्या ढेकूण हा तिचा शत्रू. पांढरे कापसासारखे पुंजके दिसले की तो शेंडा तोडून टाका आणि पाण्याचा जोरदार फवारा मारा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, कारण गोड चिकट्यासाठी मुंग्याच त्याला जपतात.

तारांखालच्या पट्ट्यात चार मीटरच्या वर जाणारे काही नको, त्यामुळे जास्वंद तिथे योग्यच. भिंतीचा जो भाग सर्वांत तापतो तिथे एक बोगनवेल लावा. भरपूर ऊन आणि कमी पाणी मिळाले की ती फुलते, लाड केले की नुसती पाने देते. तिचे रोप पिशवीतून काढताना मातीचा गोळा फुटू देऊ नका, तिची मुळे फार नाजूक असतात. काटे आहेत, म्हणून फाटकापासून दूर.

खिडकीशी सुगंध हवा होता, तर सोनचाफ्याऐवजी मोगरा. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशा ठिकाणी दोन-तीन रोपे एकत्र लावा. अनंत सुंदर आहे, पण त्याला आम्ल माती लागते. तुमची काळी माती बहुधा चुनखडीची असणार. मूठभर कोरड्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर चुना आहे. तसे असेल तर अनंत आणि इक्झोरा जमिनीत लावू नका. शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे अशी त्यांची अवस्था होते, लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. ही दोन्ही कुंडीत, पानांचे खत भरपूर घालून लावा.

कांचनाच्या विरळ सावलीत अबोली छान येते. उन्हाच्या बाजूला हमेलिया घ्या. त्याच्या नारिंगी नळीदार फुलांवर शिंजीर येतात आणि तो जवळपास वर्षभर फुलतो. झुडपे लावताना एकाच जातीची तीन-तीन रोपे एकत्र लावावीत. नर्सरीतून प्रत्येकी एक अशी बारा जातींची रोपे आणली तर बाग नमुन्यांच्या कपाटासारखी दिसते. अंतर ठरवताना आजचे रोप पाहू नका, तीन वर्षांनंतरची रुंदी पाहा. पहिल्या वर्षी मधली जागा रिकामी दिसेल, तिथे हंगामी फुले लावा.

वर्षभर फुलण्याचा हिशेब आता असा जुळतो: थंडीत कांचन, उन्हाळ्यात मोगरा आणि बोगनवेल, पावसाळ्याच्या शेवटी पारिजातक, आणि जास्वंद, हमेलिया, अबोली यांची अधूनमधून साथ.

लावण्यापूर्वी निचरा तपासा. जिथे झाड येणार तिथे ३० सेंटिमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेल्या पाण्याची पातळी तासाला दोन-तीन सेंटिमीटरने उतरली तर ठीक. निम्मे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच असेल तर खोल खड्डा करून त्यात चांगली माती भरण्याचा मोह टाळा. काळ्या मातीतला असा खड्डा पावसाळ्यात हौद होतो. त्याऐवजी जमीन ३० ते ४० सेंटिमीटर उंचवून, दीड-दोन मीटर रुंद उतरता उंचवटा करून त्यावर लावा.

नर्सरीत सर्वांत उंच रोप घेऊ नका. लहान पिशवीत उंच वाढलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल फिरलेली असतात, आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहून काही वर्षांनी खोडाला आवळतात. पिशवी अलगद उतरवून मुळे पाहू द्यायला सांगा. खोड बुंध्याशी जाड आणि वर निमुळते हवे. काठीला बांधलेले खोड काठी सोडल्यावर आडवे होत असेल तर ते रोप नको. कलमी कांचन घेताना सांधा नीट जुळलेला आहे का पाहा, आणि सांध्याखालून फुटलेला कोंब दिसला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचा आहे, तो वेळीच काढत राहा, नाहीतर काही वर्षांनी शेंगा धरणारा साधाच कांचन उरेल.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. खोड जिथे रुंद होऊन मुळे सुरू होतात तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. गोल फिरलेली मुळे धारदार सुरीने उभी कापा. निघालेली मातीच परत भरा, थोडे कुजलेले खत वरच्या थरात मिसळा. आळे करा आणि त्यावर सात-आठ सेंटिमीटर पालापाचोळा पसरा, खोडापासून वीतभर दूर. आधाराची काठी लावलीच तर सैल बांधा आणि वर्षभरात काढा. वाऱ्याने थोडे हलल्याशिवाय खोड जाड होत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेत तर मुळे धरायला पूर्ण हंगाम मिळतो. पण पहिले दोन उन्हाळे पाणी तुम्हालाच द्यायचे आहे, आणि ते रोज थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर द्या, म्हणजे मुळे खोल जातील.

दुसऱ्या वर्षी कांचनाकडे एकदा नीट पाहा. दोन सारख्या जाडीचे शेंडे अरुंद कोनात वर चालले असतील तर त्यांच्यामध्ये साल दबून सांधा कच्चा राहतो, आणि पुढे वादळात झाड तिथेच चिरते. त्यांतला एक शेंडा पेन्सिलइतका असतानाच काढा. फाटकाच्या बाजूच्या खालच्या फांद्या मात्र एकदम उतरवू नका. दरवर्षी एक-दोन काढत माणूस सहज खालून जाईल इतकी उंची तीन-चार वर्षांत मिळवा, कारण तोवर त्याच फांद्या खोडाला जाड करत असतात.